हिवरथडीला नांगर

शिवना जिथं धरणाच्या पाण्यात शिरते
तिथं ती एकटी राहत नाही.
पाच-सहा फाटे करते,
मधे गाळाची बेटं, बेटांवर बेशरम माजलेली,
आणि एका उंचवट्यावर हिवरथडी:
बावीस घरं, एक गळकी टाकी,
एसटीचा शेवटचा थांबा सात किलोमीटर मागं.

पौष. दिवस कलला होता.
पैठणकडून दिवसभर पाठीशी असलेला वारा
अजून हात काढत नव्हता.
शीड उतरवलं,
लासूरच्या मुनीर मंडपवाल्यानं शिवलेलं,
एका बाजूला अजून लग्नाची झालर.

सव्वीस वर्षं जहाजांवर काढली मी.
कांडला, मोंबासा, नावं विसरलेली बंदरं.
पण असा तळ पाहिला नव्हता.
बांबू घातला की जातच राहतो,
पुरणात बोट गेल्यासारखा.

नांगर टाकला.
दोर सोडला पाण्याच्या पाचपट, शिकलो होतो तसा.
होडी थांबली.
मग हळूच,
झोपलेल्याच्या उशाखालून कुणी पैसे काढावेत तशी
मागं सरकायला लागली.

ओढला. पुन्हा टाकला.
तिसऱ्या वेळी काठावरून हाक आली,
"काय टाकू राह्यला रे?"
"नांगर."
बराच वेळ काही नाही. एक पाणकावळा बुडाला, लांब निघाला.
"नांगर टाकत नसतेत, बाप्पा.
नांगर धरतेत."

डोक्यावर तुराट्यांचा भारा तसाच,
कौतिकाबाई एका हातानं मला हाकायला लागली.
"तिथं चोपण हाये. उन्हाळ्यात बैलाचा पाय टिकत नाही,
तुझं लोखंड काय टिकन?
डावीकडं घे. आणखी. तो रामराव भोयाचा बांध,
वलांड. आता थांब.
नाही, त्याच्यात नको, ते दिराचं हाये.
वल्हं मार दोनदा."

मला नुसतं पाणी दिसत होतं,
सगळीकडं सारखं, राख लावून घासलेलं.
ती त्यावरून नजरेनं चालत होती
बांधाबांधानं,
कुठं खाली बघत, कुठं मुद्दाम न बघता.

"इथं टाक. हे माझं वावर.
टरबुजं होतेत इथं. काळी हाये, गुंतून धरन."

टाकला.
दोर ताणला, बोटांखाली एकदा थरथरला, गप झाला.
होडीनं तोंड वाऱ्याकडं फिरवलं
आणि गव्हाणीपुढं उभं राहावं तशी राहिली.
रात्रभर.
मी दोनदा उठून दोराला हात लावला. सवय.

सकाळी ती थर्माकोलच्या तराफ्यावर आली,
दीर पुढं बसून दोन थाळ्यांनी पाणी मारत.
बोलत नव्हते एकमेकांशी.
मी नांगर वर घेतला होता.
तिनं त्याची टोकं चाचपली.

"दोन फाळ? बैल किती लागतेत याला?"
"बैल नाही. वारा."
"मग अवघड हाये तुझं," ती म्हणाली,
"त्याला पेंड दाखवून बोलावता येत नाही."

दीर हसला. मग आठवलं असावं, थांबला.

फाळांना माती होती, वीतभर,
काळी, जड, चमकती.
धुवायला मी बादली उचलली.
"धुऊ नको. आन् नेऊ नको.
इथंच झटक.
पाणी उतरलं की पाटबंधारेवाले येतेत मोजायला."

होडीच्या काठावर आपटला मी नांगर.
एक ढेकूळ पडलं. मग दुसरं.
सांदीत गेल्या सालची वेल अडकली होती,
दोऱ्यासारखी, कुजून काळी.
ती तिनं नखानं सोडवली, बघितली,
पदराला हात पुसला.

शीड चढलं, झालर फडफडली.
मागं पाहिलं तर पाण्यात अजून गढूळ डाग होता,
पसरत,
थोडासा दिराच्या बाजूला.

कौतिकाबाई तराफ्यावरून वाकून
तेच बघत होती.